वादीची बाजू

साहेब कुठलीही वस्तू थेट हातात देत नसत. आधी ती फिरवत. चहाचा कप असला की कान आपल्याकडे यायचा, सुरी असली की मूठ, छत्री असली की दांडा. एकदा बाजारातून आणलेला कोबी माझ्या हातात देताना ते क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले, आणि कोबीला अशी बाजू नसते हे ध्यानात आल्यावर जरा नाखुशीनेच त्यांनी तो तसाच दिला. मी हॅनोव्हरला त्यांच्या घरी राहायला गेलो त्या दिवशी खोलीची किल्लीही मला अशीच फिरवून मिळाली. मला वाटलं, साहेब असून माणूस अदबीचा आहे. पण ती अदब नव्हती. ती त्यांच्या धंद्यातली सवय होती, आणि तो धंदा कोणता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणजे खरेखुरे साहेब, इंग्रज. माझे वडील साताऱ्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांची निम्मी हयात गोऱ्या साहेबापुढे उभं राहण्यात गेली. स्वातंत्र्यानंतर त्यांचा मुलगा डॉक्टरेट करायला जर्मनीत जातो काय, आणि सगळा जर्मनी सोडून त्याला घरमालक इंग्रज मिळतो काय. मी घरी कळवलं तेव्हा वडिलांनी उलट टपाली विचारलं, "त्यांच्यासमोर खुर्चीवर बसतोस की काय?" मी खुर्चीवर बसत होतो एवढंच नाही, साहेब कमरेला ॲप्रन बांधून माझी बशी विसळत होते. हे मात्र मी वडिलांना कळवलं नाही. त्या वयात त्यांना ते झेपलं नसतं.

ट्रॅमच्या शेवटच्या थांब्याजवळ एका कारखान्याच्या फुटबॉल संघाचं मैदान होतं. साहेब त्या मैदानाचे प्लाट्झवार्ट, म्हणजे राखणदार. गवत कापायचं, पांढऱ्या रेषा आखायच्या, गोलच्या जाळ्या दुरुस्त करायच्या. मैदानाला लागूनच त्यांचं घर होतं आणि वरच्या दोन खोल्यांत मी आणि वसंता राहायचो. वसंता पुण्याचा. हवेच्या प्रवाहावर प्रबंध लिहीत होता, आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला आधीच माहीत आहे अशा थाटात समोरच्याचं ऐकून घ्यायचा. साहेबांची बायको जर्मन होती. तोंडावर आम्ही तिला फ्राऊ म्हणायचो, आपसांत मावशी. एकदा तिने विचारलंच, हे मावशी मावशी काय चाललेलं असतं? वसंताने सांगितलं, आईच्या बहिणीला म्हणतात. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आल्झो, मग तोंडावरही तेच म्हणा." साहेब हा शब्दही तिने आमच्याकडूनच उचलला आणि नवऱ्यासाठी बिनदिक्कत वापरायला लागली.

साहेब दारातून नेहमी सगळ्यांत शेवटी बाहेर पडत. स्वतः फुटबॉल खेळत होते तेव्हा मैदानात उतरताना ते रांगेत शेवटचे असायचे. एकदा कुणीतरी त्यांना पुढे ढकललं आणि त्याच सामन्यात त्यांचं हाड मोडलं, तेव्हापासून हा नेम घरच्या दारालाही लागू झाला. इकडे वडीलधाऱ्या माणसाच्या आधी दारातून निघायचं हे वसंताला जमेना, त्याच्या आईने तसं वळणच लावलं नव्हतं. तो दार धरून "बिट्टे, बिट्टे", म्हणजे या, या, करत उभा, आणि साहेब आत "आधी तू, आधी तू" करत उभे. बाहेर बर्फ, दार सताड उघडं. शेवटी मावशी स्वयंपाकघरातून यायची आणि दोघांना बाहेर काढून दार लावून घ्यायची, आधी वसंताला, मग साहेबांना. तोवर ट्रॅम गेलेली असायची.

त्यांच्या कपाळावर, केसांच्या जरा खाली, बारीक पांढऱ्या रेघा होत्या. एका रविवारी वसंताने विचारलं, या लढाईतल्या का? साहेब हसले. उठून शेडमध्ये गेले आणि एक जुना चेंडू घेऊन आले. तपकिरी कातड्याचा, हवा गेलेला, तरी हातात घेतल्यावर चांगला जड लागणारा. त्याच्या एका बाजूला चीर होती आणि ती चपलेला असते तसल्या चामड्याच्या वादीने आवळलेली होती.

"पावसात भिजला की याचा धोंडा होतो," साहेब म्हणाले. "आणि डोक्याने मारताना वादी कपाळावर आली की कातडं सोलून निघतं. म्हणून चांगला विंगर कोण? जो कडेने पळत येतो आणि चेंडू असा पाठवतो की वादी पलीकडच्या बाजूला राहते. आपल्या फॉरवर्डला लागत नाही."

"असं करणारा कुणी होता?" मी विचारलं.

"होता की. आर्थर. या सगळ्या रेघा इतरांच्या आहेत. आर्थरची एकही नाही."

वसंताला राहवेना. त्याने कागद मागवला. मारलेला चेंडू हवेत फिरतो, कसा फिरतो, त्यामुळे पळता पळता मारलेल्या चेंडूची वादी कुठे येईल हे कुणालाही ठरवता येणं कसं अशक्य आहे, हे त्याने आकृत्या काढून साहेबांना समजावून दिलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आर्थरला हे कुणी सांगितलं नव्हतं." वसंताचं गणित बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. पण त्या दिवसापासून त्या घरात वादी हा सगळ्यांचा शब्द झाला. कुणी शेगडीवरच्या भांड्याचा दांडा अंगावर येईल असा ठेवला, कुणी वाईट बातमी दारातच धाडकन सांगून टाकली, की दुसरा म्हणायचा, "वादी पलीकडे."

त्यांची कारकीर्द मी अशी तुकड्यातुकड्यांनीच ऐकली, बहुतेक वेळा भांडी पुसताना. इंग्लंडच्या उत्तरेला कोळशाच्या खाणींचं गाव. वडील खाणीत, भाऊ खाणीत. त्यांचंही नाव खाणीत घातलेलं होतं, पण गावच्या क्लबच्या माणसाने त्यांना एका माळावर डोक्याने गोल मारताना पाहिलं. "घरचे सगळे जमिनीखाली गेले," ते म्हणायचे, "मी डोक्यामुळे वर राहिलो." पुढे ते त्या क्लबचे सेंटर फॉरवर्ड झाले. गावातली माणसं खाणीतून वर येऊन, काळ्या तोंडांनी तशीच त्यांचा खेळ बघायला यायची. इंग्लंडच्या संघात त्यांची निवड होणार अशी कुजबुज होती, आणि मग लढाई सुरू झाली. लीग बंद पडली. खेळाडूची उमेदीची वर्षं असतात किती, ती सगळी लढाईत गेली. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. स्वतःचा एकही गोल त्यांनी मला स्वतःचा म्हणून सांगितला नाही. आर्थर कसा आला, आर्थरने कुणाला चकवलं, आर्थरने मान वर करून कसं बघितलं, असं सांगत सांगत ते गोलपर्यंत यायचे आणि तिथे थांबायचे. मी विचारायचो, मग तुम्ही काय केलंत? "मी वाट बघत होतो," ते म्हणायचे. "लोकांना वाटतं फॉरवर्ड पळतो. पळतात बाकीचे. फॉरवर्ड वाट बघतो."

माझ्या पायाला नवे बूट चावतात हे कळल्यावर त्यांनी मला ते घालून स्वयंपाकघरात कोमट पाण्याच्या बादलीत उभं केलं होतं. नवे बूट पायाच्या मापाचे करायची त्यांच्याकडची ही रीत. भिजवायचे आणि पायातच सुकू द्यायचे. मी बादलीत उभा, आणि तेवढ्यात वसंता एका प्राध्यापकांना चहाला घेऊन आला. साहेबांनी त्यांचं स्वागत केलं, कप फिरवून हातात दिला, आणि माझ्या उभं राहण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. प्राध्यापकांनीही काही विचारलं नाही. हिंदू लोकांचा काही विधी असेल अशी त्यांनी समजूत करून घेतली असावी. बूट मात्र पुढे सहा-सात हिवाळे टिकले.

शनिवारी दुपारी साहेब जेवत नसत. इंग्लंडात सामने शनिवारी दुपारी, आणि सामन्याच्या दिवशी पोट जड नको. चहा आणि भाजलेला पाव खाऊन, थर्मास घेऊन ते ट्रॅमने कुठेतरी जायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. मावशी त्या दुपारी बटाटे सोलायला बसायची. एवढे बटाटे त्या घराला कधीच लागत नव्हते. रविवारी आम्ही बटाटे खायचो, सोमवारी बटाटे खायचो, मंगळवारी वसंता कॅन्टीनमध्ये जेवायचा. पुढे त्याला बॉबलिंगेनला नोकरी लागली आणि तो गेला, तेव्हा निरोप घेताना म्हणाला, "सगळ्यांची आठवण येईल रे. बटाटे सोडून."

तो गेल्यानंतरच्या एका शनिवारी मी मावशीजवळ बसलो आणि विचारलं, साहेब जातात कुठे?

"आर्थरकडे," ती म्हणाली.

शहराबाहेर इंग्रज सैनिकांची दफनभूमी होती. लढाईत साहेब पायदळात गेले आणि आर्थर विमानदलात. हॅनोव्हरवर बाँब टाकायला आलेलं आर्थरचं विमान इथेच जवळपास पाडलं गेलं होतं. लढाई संपल्यावर साहेब या शहरात आले ते सैनिकांना कवायत शिकवणारे सार्जंट म्हणून. गुडघा तोवर कामातून गेला होता. पलटण परत गेली, साहेब मागे राहिले. आर्थर इथे म्हणून मीही इथे, असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही. पण ते तसंच होतं.

"तुम्ही जात नाही बरोबर?" मी विचारलं.

मावशीने हातातला बटाटा पुरा सोलला. "माझी आई आणि धाकटी बहीण तळघरात होत्या," ती म्हणाली. "वरचं घर त्यांच्यावर आलं. त्या रात्री त्याचं विमान होतं का नव्हतं, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसणार. वरून काय दिसतं? पण मी त्याच्या थडग्यावर उभी राहू शकत नाही. तुमचे साहेब मला कधी चल म्हणाले नाहीत, मी त्यांना कधी जाऊ नका म्हटलं नाही."

मला एकदम उमगलं, मावशी या शब्दाचा अर्थ कळल्यावर ती का गप्प झाली होती. मला फार वाईट वाटलं, आणि मी भलताच प्रश्न विचारला. मग इंग्रजाशी लग्न कसं केलंत?

"विटांमुळे," ती म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदा हसली. लढाईनंतर शहरभर पडलेल्या घरांचे ढीग होते आणि ते उपसायला बायका रांगा लावायच्या, वीट या हातातून त्या हातात. या मैदानावरही असाच ढीग होता. साहेबांना सैनिकांच्या खेळासाठी मैदान हवं होतं, तर नुसते हुकूम न सोडता ते स्वतः रांगेत येऊन उभे राहिले, नेमके मावशीच्या शेजारी. "आमचे सगळ्यांचे हात फाटलेले," मावशी म्हणाली. "हा माणूस प्रत्येक वीट आधी फिरवायचा. तुटकी, धारेची बाजू स्वतःकडे घ्यायचा आणि गुळगुळीत बाजू मला द्यायचा. भाषा येत नव्हती. नाव माहीत नव्हतं. दिवसभर नुसता विटा फिरवत होता." ही सवय मूळची कुणाची, ती कुणासाठी शिकली गेली, हे तिला लग्नानंतर कळलं. तोवर उशीर झाला होता, असं ती म्हणाली, पण ते तक्रारीच्या सुरात नव्हतं.

दुखणं आलं ते आधी डोकेदुखी होऊन आलं. साहेब ओला टॉवेल कपाळावर घेऊन पडदे ओढून पडून राहायचे. मग एका सामन्याच्या सकाळी खेळाडू मैदानावर आले तर मैदानाची मधली रेषा सरळ न जाता वळत वळत कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेलेली. साहेब चुन्याची गाडी घेऊन तिथेच उभे होते आणि पुढे कुठे जायचं ते त्यांना सुचत नव्हतं. कुणी हसलं नाही. संघाच्या कप्तानाने त्यांच्या हातातून गाडी घेतली, "डांके, साहेब," असे आभार मानले, साहेब हा आमचाच शब्द वापरून, आणि त्या दिवशी दोन्ही संघ त्याच रेषांवर खेळले. पंचानेही हरकत घेतली नाही. त्या माणसांबद्दल मला आजही फार आदर वाटतो. पुढच्या मोसमाला नवा प्लाट्झवार्ट आला. घर मात्र त्यांनी साहेबांकडेच राहू दिलं.

डॉक्टरांनी तपासलं, बऱ्याच वेळा विचारून विचारून लिहून घेतलं, आणि म्हणाले की डोक्याला सतत मार बसलेल्या बॉक्सरांचं असं होतं. मावशी म्हणाली, "हे बॉक्सर नव्हते." साहेब खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "चेंडू ओला असायचा." ज्या डोक्याने त्यांना खाणीतून वाचवलं तेच आता त्यांना सोडून चाललं होतं.

साहेब जर्मन शिकले ते तिशी उलटल्यावर, मावशीकडून. शेवटी आलेली भाषा आधी गेली. जेवताना त्यांनी एकदा मीठ मागितलं ते इंग्रजीत. मावशी हसली, तिला वाटलं थट्टा. दुसऱ्या दिवशी पाणी इंग्रजीत, तिसऱ्या दिवशी दार. हळूहळू जर्मनमधलं एक "या", म्हणजे हो, तेवढं उरलं, तेही कुठेही यायचं. मावशीला इंग्रजी येत नव्हतं. एवढी वर्षं गरजच पडली नव्हती. मग मी मधे आलो. इंग्रज नवऱ्याच्या आणि जर्मन बायकोच्या संसारात साताऱ्याचा माणूस दुभाषी.

"त्यांना सांग, बूट काढून आत या."

"ती म्हणते, बूट काढून आत या."

"तिला सांग, मैदान कोरडं आहे."

"ते म्हणतात, मैदान कोरडं आहे."

"मैदान कोरडं असेल, माझी फरशी ओली आहे. हेही सांग."

मी सांगायचो. वडिलांनी मला पदरमोड करून इंग्रजी शिकवलं ते साहेबाकडे नोकरी लागावी म्हणून. लागली ती अशी. सुरुवातीला आम्ही तिघंही यावर हसायचो. शनिवारी साहेब ट्रॅममधून भलत्याच थांब्यावर उतरून हरवायला लागले, तेव्हापासून दफनभूमीपर्यंतही मीच बरोबर जाऊ लागलो. सारख्या उंचीच्या पांढऱ्या दगडांच्या रांगा, कापलेलं गवत. साहेब आर्थरच्या दगडापुढे उभे राहत नसत. त्याच्या डावीकडे, जरा लांब, तिरके उभे राहत. "तो उजवीकडून यायचा," ते मला सांगायचे. मग थर्मासमधला चहा ओतून, कपाचा कान दगडाकडे करून गवतावर ठेवायचे.

त्या उन्हाळ्यात विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि जर्मनी समोरासमोर आले. कोपऱ्यावरच्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळीत, टेलिव्हिजन होता, सगळी गल्ली तिथे लोटली. मावशीने साहेबांना कोट घातला आणि आम्ही तिघं गेलो. एक चेंडू आडव्या दांडीला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. गोल की नाही यावर तिथे जो गोंधळ उठला त्याला तोड नाही. मग एकेक करून सगळे गप्प झाले आणि साहेबांकडे वळले. त्या गल्लीत फुटबॉलचा वाद साहेबांकडेच सुटायचा, शिवाय आज ते एकटेच इंग्रज. साहेब पडद्याकडे बघत होते. मला म्हणाले, "त्यांच्या चेंडूला वादीच नाही रे." आणि थोड्या वेळाने, काळजीच्या आवाजात, "आर्थर कुठाय? तो आत का येत नाही?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, साहेब म्हणतात उजेड कमी आहे, नीट दिसलं नाही. शेजारचा म्हातारा सुतार "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला आणि त्याने साहेबांच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच सुमाराची गोष्ट. मावशीने साहेबांच्या पुढ्यात सूप ठेवलं. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत साहेबांनी मला हळूच विचारलं, "ही बाई चांगली आहे. कोण आहे ही?"

मावशी वळली. तिने माझ्याकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "एवढं इंग्रजी मला येतं."

ती ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मला वाटत होतं ती रडेल, आणि मग मी काय करणार. पण तिने हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. माझा प्रबंध संपला होता, थंडीच्या आधी मी परत जाणार होतो, हे तिला माहीत होतं. "तू गेलास की या घरात दोन मुकी माणसं राहतील," ती म्हणाली. "त्यातलं एक दुसऱ्याला ओळखत नाही. ते मला घाबरले तर मी काय करू? मला इंग्रजी शिकव. फार नको. पुरेल तेवढं."

मग रोज संध्याकाळी आम्ही बसायचो. चहा तयार आहे. पाऊस पडतोय. इकडे या. मी इथे आहे. घाबरू नका. ती प्रत्येक वाक्य भांडी घासताना पुटपुटत राहायची. मी तुमची बायको आहे, हे वाक्य मी शिकवायला गेलो तर तिने हाताने थांबवलं. "हे नको. हे सांगावं लागलं तर सांगून काय उपयोग?" तिला एवढंच हवं होतं की त्या माणसाच्या मनात तिला कुठेतरी, कसली तरी जागा उरावी, आणि ती कशी मिळवायची हे इंग्रजीत मला येत नव्हतं.

मी निघायच्या आधीचा शेवटचा दिवस शनिवार होता. माझी बांधाबांध चाललेली बघून साहेब सकाळपासून बिथरले होते. चहा झाला, पाव झाला. मग ते दारापाशी गेले आणि कडी ओढायला लागले. मावशी आडवी आली. "चहा तयार आहे," ती इंग्रजीत म्हणाली, जे सुचलं ते. साहेबांनी तिच्याकडे बघितलं ते परक्या माणसाकडे बघावं तसं. मला म्हणाले, "हिला सांग मला सोड म्हणावं. सगळे मैदानात गेले. ते माझ्यासाठी थांबलेत." मी मावशीला सांगितलं.

"मैदानात?" तिने विचारलं. "आज दफनभूमीत नाही?"

"मैदान म्हणतायत."

मावशी मागच्या दाराने बाहेर गेली. परत आली ती शेडमधला तो जुना चेंडू आणि सायकलचा पंप घेऊन. "हवा भर," ती मला म्हणाली. मी भरली. वादी तिने स्वतः ओवली. ओट्याशी बसून, ओढून ओढून, बोटं लाल होईपर्यंत. मग साहेबांचा हात धरला, पुढचं दार उघडलं, आणि आधी मला बाहेर काढलं, मग स्वतः निघाली. साहेब शेवटी आले.

मैदान रिकामं होतं. साहेब लंगडत लंगडत थेट गोलसमोर गेले आणि तिथे उभे राहिले, तिरके, उजवीकडे नजर लावून. आम्ही दोघं नाहीच असे ते उभे होते. मावशी ॲप्रनमध्येच होती. ती चालत चालत उजव्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेली. तिने आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. तिने चेंडू झेंड्याजवळ आखलेल्या कमानीत ठेवला, जरा मागे सरकली, पुन्हा पुढे आली. खाली वाकली आणि दोन्ही हातांनी चेंडू फिरवून वादी पलीकडे केली, साहेबांच्या उलट्या बाजूला.

साहेबांच्या चेहऱ्यावरची भीती गेली. इतके महिने मी तो चेहरा बघत होतो, असा मोकळा झालेला बघितला नव्हता.

"आर्थर," ते म्हणाले. "किती उशीर केलास."

मी सवयीने भाषांतराला तोंड उघडलं, आणि मिटलं. नाव तिला कळलं होतं. ती खाली चेंडूकडे बघत उभी होती. तिची आई त्या क्षणी तिच्या मनात आली असेल, बहीण आली असेल. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग तिने मान वर केली.

"येस," ती म्हणाली. "आय ॲम हिअर."

तिने चेंडूला पाय मारला. चेंडू थोडासा गडगडला आणि वाटेतच गवतात थांबला. साहेब त्याच्यापर्यंत चालत आले. त्यांनी तो उचलला, कोपऱ्यापर्यंत आले, आणि तिच्या हातात देण्याआधी फिरवून वादी स्वतःकडे घेतली.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिने पुन्हा चेंडू ठेवला. मी गोलच्या खांबाला टेकून बघत राहिलो. ती पुन्हा पुन्हा वाकून वादी फिरवत होती, आणि दर वेळी साहेब आर्थरला काहीतरी सांगत होते, आणि ती येस म्हणत होती. दिवे लागायच्या वेळेला आम्ही घरी आलो. त्या शनिवारी बटाटे सोलायचे राहिले.